खंडेनवमीचं तेल

आई गाडीतून उतरली नाही. गेटपाशी गाडी लावली, ओवीचं हेल्मेट नीट बसवून दिलं, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, तरी आई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेलीच.

"चल ना आई."

"तुमी व्हा पुढं. मी इथंच बरी हाय."

ओवी माझ्या भावाची मुलगी. बारावं लागलंय तिला. शाळेच्या मैदानावरचा सराव संपला आणि आज पहिल्यांदा सायकलच्या खऱ्या ट्रॅकवर चढायचं होतं. भावाची चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्ट, म्हणून पोरीला आणायचं काम आत्याकडे. आई स्वतःहून म्हणाली होती, मी पण येते. गाडी चालवताना माझं निम्मं लक्ष तिच्याकडेच होतं. तीसेक वर्षांत ती या ट्रॅकवर आलेली नाही. आज गेटापर्यंत आली. अजून पन्नास पावलं आली असती तर काय झालं असतं?

मी जुन्या मशिनींचा धंदा करते. कुणाची शेड उठली, कुणाचा लेथ बंद पडला, की भोसरीत उचलायचा, उभा करायचा आणि तळेगावपासून चाकणपर्यंत ज्याला गरज असेल त्याच्या गळ्यात घालायचा. समोरचा माणूस कधी खुर्चीतून उठेल आणि दारापर्यंत जाऊन कधी परत वळेल, हे मला त्याच्या आधी कळतं. पण त्या एका पट्ट्यातून आईला बाहेर काढणं मला जमलं नाही. "बस मग!" असं मी जरा मोठ्यानेच म्हटलं, दार आपटलं आणि ओवीला घेऊन आत आले.

आत काही बदललेलं नाही. सिमेंटच्या पायऱ्या सकाळीच तापायला लागलेल्या. कठड्याचा रंग पोपडे धरून उडालेला. मधल्या गवतात टिटवी ओरडत फिरत होती. आणि वळणावरचा तो उतार, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं ही भिंतच आहे, हिच्यावर सायकल चढेल कशी? कुणीतरी मोठी मुलगी वरच्या रेघेवरून गेली आणि बारीक टायरचा सिमेंटवर जो आवाज होतो, तवा तापला की पाण्याचा थेंब करतो तसा लांबवलेला आवाज, तो माझ्या कानावरून सरकत गेला. मी पायरीवर बसले. आणि मला वास आला तो मात्र सिमेंटचा नव्हता. तो आमच्या शेडचा होता.

आमची शेड भोसरीत, कारखान्यांच्या गल्लीच्या अगदी टोकाला. दोन लेथ, एक ड्रिल, पत्र्याचं छप्पर आणि मागे प्लायवूडचा आडोसा घालून केलेलं घर. आईवडील परभणीकडून आलेले. अण्णा लेथवर, आई ड्रिलवर. साडीवर अण्णांचा जुना शर्ट घालून, बाह्या दुमडून, पदर आत खोचून ती दिवसभर भोकं पाडायची. लोखंड थंड ठेवणारं दुधासारखं पांढरं कूलंट त्याच्यावर पडून उकळायचं आणि त्याचा एक आंबूस वास आमच्या अंथरुणांना, वह्यांना, भाकरीलाही यायचा. लेथवरून निघणाऱ्या लोखंडाच्या चिपा निळ्या-जांभळ्या, गुंडाळलेल्या. दिवाळीत आकाशकंदिलाला झिरमिळ्या म्हणून मी त्याच लावायचे आणि बोटं कापून घ्यायचे. लेथच्या पट्ट्याचा फटफट आवाज इतका सवयीचा होता की वीज गेली की आम्ही दचकून जागे व्हायचो.

तयार माल प्लेटिंगवाल्याकडे पोचवायचं काम माझं. अण्णांची उंच दांड्याची सायकल, मागे कॅरिअरवर लोखंडाची पिशवी आणि मी दांड्याखालून पाय घालून कैची मारत निघालेली. पिशवी जड असली की सायकल पुढून उचलायची. मग मी पूर्ण अंग हँडलवर टाकायचे. आता मोठमोठे लोक व्यायामासाठी काय काय करतात ते बघते तेव्हा मला हसू येतं.

शाळेत एकदा सायकलिंगचे सर आले. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मुली आपापल्या लेडीज सायकली घेऊन आल्या होत्या, मी अण्णांची. पहिली आले तेव्हा सरांनी विचारलं, "ही कुणाची सायकल?"

"वडलांची."

"सीटवर बसायला शिकवलं नाही कुणी?"

"पाय पुरत नाहीत."

त्यांनी मला सीटवर पाय पुरतील अशी सायकल दिली. उसनी. ट्रॅकची खरी सायकल, काळी, इतकी हलकी की मी एका हाताने उचलून घरी दाखवली. सरांची अट साधी होती: काही रविवार ट्रॅकवर शिकायचं आणि दसऱ्याला सकाळी निवड. जिची निवड होईल तिच्याकडे सायकल राहील, बाकीच्यांनी तिथल्या तिथे परत करायची.

त्या सायकलला ब्रेक नव्हता. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, थांबायचं तर पायानेच जोर उलटा लावायचा. हे ऐकून गल्लीत सभाच भरली. कोपऱ्यावरचे रशीदचाचा पंक्चर सोडून बघायला आले.

"अण्णा, ये सायकल है के आफत? बिगर ब्रेक की?"

"अर्ध्या तासात लावतो की ब्रेक," अण्णा म्हणाले. "एक ब्रॅकेट करायचं आन् दोन भोकं."

"भोकं मी पाडते," आई म्हणाली.

मी सायकलवर अक्षरशः आडवी पडले. "हात लावायचा नाही कुणी! सरांनी सांगितलंय."

"सर काय तुझ्या संगं पडायला येनार हायत का?" आईने विचारलं, पण ड्रिलकडे वळली.

रविवारी आम्ही मुली शाळेच्या बसने ट्रॅकवर जायचो, सायकली मागे टाकून. नाशिक फाट्यावरून बस वळली की पुढे तेव्हा शेतं होती. पिंपळे सौदागरच्या बाजूला आता जिथे इमारतींच्या खिडक्या मोजता येत नाहीत, तिथे झेंडूचे मळे लागायचे, आणि नवरात्राच्या आधी ती सगळी रानं पिवळीधमक असायची. खिडकीतून तो कडवट वास यायचा. अजूनही झेंडूचा वास आला की माझ्या मांड्या ताठ होतात. मी आधी खालच्या सपाट पट्टीवर फिरले, मग काळ्या रेघेवर, मग एका रविवारी सर ओरडले, "वर जा!" आणि मी गेले. वर गेलं की सायकल आपली राहत नाही, वळणाची होते. कमी वेगाने गेलं तर खाली येणार, वेग ठेवला तर ती भिंत तुला धरून ठेवते. असं धरणारं माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं. ती सायकल मला हवी होती. इतकं हवंसं मला पुढे कुठलंही मशीन वाटलेलं नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

ज्यांनी कारखान्याच्या गल्लीत लहानपण काढलेलं नाही त्यांना तो दिवस सांगूनही कळणार नाही. वर्षभर जी गल्ली गप्प बसत नाही ती त्या दिवशी दुपारी गप्प होते. मेन स्विच खाली. पट्टे सैल. इतकी शांतता की पत्र्यावरून चालणाऱ्या कबुतरांची नखं ऐकू येतात. सकाळपासून मशिनी धुवायच्या, रॉकेलने पुसायच्या, मग बनियनच्या चिंध्या तेलात बुडवून एकेक भाग चोळायचा, लेथचा बेड आरशासारखा होईपर्यंत. त्यात तोंड बघून मी कुंकू लावायचे. मग खडूचं स्वस्तिक, हळद, झेंडूचे हार, नारळ, पेढे. पाने-पकडी, हातोड्या, व्हर्निअर, सगळं पाटावर मांडायचं. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाने एक दिवस झोपायचं असतं.

त्या वर्षी आईने सायकलही पूजेत ठेवली. दोन्ही लेथच्या मधोमध.

"आज सराव करायचा होता," मी म्हटलं.

"पूजेतल्या वस्तूला हात लावत न्हाईत. उद्याला तिलाच पळायचं हाय. निजू दे तिला."

मी चिडले, पण सायकल दिसत होतीच तशी. झळझळत होती. दांडा, चाकाची कड, तारा, सगळं. हँडलला हार, सीटवर हळदीकुंकू. समईच्या उजेडात टायरसुद्धा नव्या बुटासारखे काळेभोर चमकत होते. मी बघत राहिले. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. आई अंग चोरून उभी होती, पण चेहऱ्यावरचा आनंद काही तिला चोरता येत नव्हता.

सकाळी अण्णांच्या ओळखीच्या टेम्पोतून आम्ही तिघं निघालो. बिनब्रेकची सायकल रस्त्यावर चालवायची नसते, म्हणून ती मी मांडीवर आडवी धरून बसले होते. आईने लग्नातली साडी नेसली होती. ट्रॅकवर ती पहिल्यांदाच येत होती.

माझी पाळी आली. सरांनी सीट धरून सोडलं. पहिली फेरी वेग घेण्याची, त्यानंतर रेघ ओलांडली की घड्याळ सुरू. खालच्या पट्टीवरच मला काहीतरी वेगळं वाटलं, ओल्या फरशीवर पाय ठेवल्यासारखं. मला वाटलं भीती आहे. भीतीवर एकच औषध मला माहीत होतं, वेग. मी वळणावर वर चढले, अंग आत टाकलं आणि मला कुणी धरलं नाही. मागचं चाक बाजूला गेलं, आभाळ आडवं झालं आणि सिमेंटवरून खालपर्यंत मी घासत आले. कोपरापासून कमरेपर्यंत एक लांब पट्टा पेटला.

सर धावत आले. आधी मला उठवलं, हात वाकवून बघितले. मग टायरवर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"तेल?"

कठड्याशी बाकीच्या मुलींचे आईवडील उभे होते. कुणीतरी म्हणालं, "दसऱ्याचं अभ्यंगस्नान घातलंय सायकलला!" आणि सगळे हसले. सरही हसले. पोटभर, डोकं मागे टाकून. सर माणूस म्हणून वाईट नव्हते, मला पुढे त्यांनी पुष्कळ शिकवलं. पण त्या हसण्याचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. ते हसणं मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

अण्णा पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. "चूक झाली साहेब." भोसरीत भल्या भल्या कंपनीवाल्यांना दारातून परत पाठवणारा माणूस हात जोडून उभा. त्यांच्यामागे आई. तिचं तोंड किंचित उघडलेलं. मला वाटलं, ही आता रडेल. सगळ्यांसमोर रडेल. आणि माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"तेल मी लावलं, सर," मी ओरडले. "तिने नाही, मी लावलं. पण माझी फेरी राहिलीय."

"पडलीस ना? झाली फेरी."

"रेघेच्या अलीकडे पडले. तुम्ही घड्याळ दाबलंच नव्हतं. सुरू न झालेली फेरी संपते कशी?"

"आज वेळ नाही."

"सगळ्यांच्या शेवटी घ्या."

"टायर बघ तुझे."

"धुते."

"कोपर बघ."

"कोपराने कुठे चालवायचीय?"

एवढं बोलून मी गप्प झाले. हे अण्णांकडून उचललेलं होतं. ते गिऱ्हाइकाला भाव सांगायचे आणि लेथकडे तोंड करून उभे राहायचे. आता जो आधी बोलेल तो उतरेल. मी हँडल धरून सरांसमोर उभी राहिले. रक्त मोज्यात उतरत होतं. सरांनी घड्याळाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पुढच्या मुलीला बोलावलं, पाठवलं आणि मी तिथेच आहे हे बघून म्हणाले, "नुसती बघायला घेतो. मोजणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. एकदा बघितलेलं माणसाला परत न बघितलेलं करता येत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

नळावर जाऊन कपड्याच्या साबणाने मी टायर धुतले, परत धुतले, फ्रॉकने कोरडे केले. आई शेजारी आली. तिने हात पुढे केला. मी म्हटलं, "नको, तू राहू दे."

ती फेरी मला वळणावळणाने आठवते. जखमेवर वारा लागत होता, मीठ चोळल्यासारखा. उतार तोच होता. वर चढताना टायरने सिमेंट पकडलं तेव्हा हँडलमधून हाताला कळलं, आणि मग काही कळायचं राहिलंच नाही, नुसता तो तव्यावरच्या थेंबाचा आवाज आणि खाली कुठेतरी लहान लहान माणसं. उतरून आले तेव्हा सर घड्याळ हातात धरून उभे होते. मोजणार नाही म्हणाले होते. मोजलं होतं.

"सायकल घरी घेऊन जा," ते म्हणाले.

अण्णांनी त्यांना आपट्याची पानं दिली, वाकून. परत जाताना टेम्पोत आई झेंडूच्या मळ्यांकडे बघत होती. 

पुढे मी पुष्कळ वर्षं चालवली. राज्यापर्यंत गेले, मग थांबले. का थांबले ते सांगण्यासारखं नाही. पहाटे उठून आई डबा करायची, माझ्या चड्ड्यांना शिवण घालायची, सोललेल्या गुडघ्याला हळद लावायची. ट्रॅकवर मात्र परत आली नाही. कधीही बोलावलं की "मशीन लावलीय" म्हणायची. अण्णा येत, पुढच्या पायरीवर बसून शिट्ट्या मारत. मी धरून चालले होते की तिला अपराधी वाटतं. त्या हसणाऱ्यांनी माझ्या आईची कठड्याजवळची जागा हिसकावून घेतली, हेच मी इतकी वर्षं मनात घोटत आले.

"आत्या! बघ ना!"

ओवी खालच्या पट्टीवर फिरत होती. नवीन कोच तरुण मुलगी आहे, टोपी उलटी घातलेली. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "छान बॅलन्स आहे तिचा. ही सायकल आजपासून तिच्याकडेच राहू दे. घरी घेऊन जा, पुढच्या वेळी घेऊन या." आणि शिट्टी वाजवत निघून गेली.

मी उठले आणि तरातरा गेटाकडे गेले. गाडीचं दार उघडलं.

"किती वर्षं धरून बसणार आहेस? तेल लावलंस, चुकलं, संपलं. तुला कुणी बोललं का काही? मी माझ्या अंगावर घेतलं होतं ना सगळं?"

"तेच तर," आई म्हणाली.

"काय तेच?"

"तू कशाला घेतलंस? तेल मी लावलं होतं. मला बोलायचं होतं त्या सरला."

माझा हात दारावरच राहिला. "काय बोलणार होतीस?"

"की साहेब, उसनी वस्तू देताना मानूस सांगून देतं. आमच्या घरात मशिनी हायत. आमी तेल लावणारच. तुमी सांगितलं का आमाला, इथं लावा, इथं लावू नका? न्हाई ना? मग हसायलात कशाला?" तिने दम घेतला. "तोंडात आलं होतं माझ्या. तवर तुझा बाप हात जोडून मोकळा झाला. आन् तू म्हणलीस, मी लावलं. माझं बोलणं राहूनच गेलं. मग परत कशाला येऊ? तोंड बांधून बसायला?"

  मी दार सताड उघडून धरलं.

"मग आता बोल," मी म्हटलं.

"आता कुणाला? ते सर कुठंय?"

"नवीन बाई आहे. सायकल घरी न्या म्हणाली. बाकी काही सांगितलं नाही तिने."

आईने माझ्याकडे बघितलं. "काहीच न्हाई?"

"काही नाही."

पट्टा सुटल्याचा खटका ऐकू आला. ती उतरली, पदर खोचला आणि माझी वाट न बघता आत गेली. सत्तरीच्या बाईच्या मानाने बरीच भरभर. थेट त्या कोच मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, सायकल तुमची हाय. घरी नेल्यावर काय पुसायचं, काय न्हाई, ते आत्ताच सांगा. मागून हसायचं न्हाई."

मुलगी हसायच्या बेतात होती. आईचा चेहरा बघून तिने हसू गिळलं. ओवीला थांबवलं, सायकलपाशी उकिडवी बसली. "आजी, तेल फक्त चेनला. तेही थेंबाथेंबाने, आणि जादाचं पुसून काढायचं. टायरला कोरडं फडकं."

"आन् सणाला?"

"सणाला?" ती जरा गोंधळली. "हार घाला की. पळवायच्या आधी काढा म्हणजे झालं."

"जमलं," आई म्हणाली. सौदा पटल्यावर मी म्हणते त्याच सुरात. आजवर मला वाटायचं तो सूर अण्णांचा.

ओवी परत निघाली. आईने कठडा दोन्ही हातांनी धरला. एक फेरी झाली, दुसरी झाली, पोरगी आपली खालच्या पट्टीवरच.

"ए ओवे!" आई ओरडली. मधल्या गवतातली टिटवी उडाली. "खाली काय फिरायलीस? वर जा की!"

"आजी, पहिलाच दिवस आहे तिचा," कोच म्हणाली.

"मग? वर काय वाघ हाय का? टायर बघितलेत मी. कोरडे हायत. जाऊ द्या तिला."